को जागर्ति?

कोजागिरीच्या रात्री लक्ष्मी घरोघरी फिरते आणि "को जागर्ति?" म्हणजे "कोण जागं आहे?" असं विचारते. जो जागा सापडेल त्याचं भलं करते. लहानपणी आजीनं हे सांगितलं तेव्हा मला ते फारच आवडलं होतं. हे जर खरं असेल तर आपलं अख्खं होस्टेल एव्हाना कोट्यधीश व्हायला हवं होतं! कारण आपल्याकडे वर्षाच्या ३६५ रात्री कोजागिरीच असते. फक्त मसाला दूध नसतं, इतकंच.

पण मित्रांनो, या जागणाऱ्यांमध्ये दोन वेगळ्या जमाती आहेत. पहिली जमात जागरणवाल्यांची. सबमिशन आहे, उद्या ओरल आहे, नाहीतर सिरीजचे तीन एपिसोड राहिलेत म्हणून हे लोक जागतात. यांना उशी दाखवली की पाचव्या मिनिटाला घोरतील. दुसरी जमात मात्र दिवा घालवून, पांघरूण घेऊन, डोळे मिटून पडलेली असते आणि तरीही जागी असते. या कुशीवरून त्या कुशीवर, पंखा मोजायचा, पार्टनरचं घोरणं मोजायचं आणि पहाटे मेसवाल्या मावशींच्या भांड्यांचा आवाज येईपर्यंत टक्क डोळे उघडे. पहिल्या जमातीला सगळे 'स्टडी' म्हणतात. दुसरीला कोणी काहीच म्हणत नाही, कारण ती कोणाला सांगतच नाही.

हा लेख त्या दुसऱ्या जमातीसाठी. मी स्वतः चार महिने तिची सभासद होते. त्या काळात डॉक्टरांकडून जे कळलं आणि नंतर मी जे वाचलं, ते आपल्या इंजिनियरिंगच्या भाषेत सांगते. सांगण्यासारखी मुख्य गोष्ट एकच आहे. झोप आणता येत नाही, ती येते. आपण फक्त तिची वाट मोकळी ठेवायची.

एक कपॅसिटर आणि एक घड्याळ

१९८२ साली अलेक्झांडर बोर्बेली या शास्त्रज्ञानं झोपेचं एक मॉडेल मांडलं. ते आजही वापरतात आणि ते आपल्याला पटकन समजेल असं आहे. त्यात दोनच गोष्टी आहेत.

पहिली म्हणजे झोपेचा दाब. आपण सकाळी उठल्यापासून हा दाब वाढत जातो. कसा? अगदी कपॅसिटर चार्ज होतो तसा, आधी भराभर, मग हळूहळू. झोपलो की तो डिस्चार्ज होतो. हा दाब वाढण्यात मेंदूत साठत जाणाऱ्या अ‍ॅडेनोसिन नावाच्या रसायनाचा मोठा वाटा असतो. आता दुपारी प्रॅक्टिकल आटोपून रूमवर येऊन दोन तास ताणून दिली, तर काय होईल? कपॅसिटर संध्याकाळीच रिकामा! मग रात्री अकराला झोप कुठून येणार?

चहा-कॉफीचं गणितही इथंच आहे. कॅफिन हा दाब कमी करत नाही. अ‍ॅडेनोसिन जिथे जाऊन बसतं त्या खुर्च्या ते आधीच अडवून ठेवतं. त्यामुळे दाब असतो, पण कळत नाही. शरीरातलं निम्मं कॅफिन जायला साधारण पाच तास लागतात, कोणाला कमी, कोणाला जास्त. म्हणजे संध्याकाळी सहाला टपरीवर घेतलेल्या कटिंगचा अर्धा भाग अकरा वाजता अंगात असतो आणि पाव भाग पहाटे चारला! "मला चहानं काही होत नाही" असं म्हणणाऱ्यांनी हा हिशोब एकदा वहीच्या मागच्या पानावर मांडून बघावा.

दुसरी गोष्ट म्हणजे शरीराचं घड्याळ. मेंदूत एक मुख्य घड्याळ आहे आणि पेशीपेशीतही छोटी घड्याळं आहेत. ही पेशीतली घड्याळं जनुकांच्या पातळीवर कशी चालतात हे फळमाश्यांवर प्रयोग करून शोधणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. गंमत म्हणजे माणसाचं घड्याळ बरोबर २४ तासांचं नाही, बहुतेकांचं थोडं जास्त आहे. मग ते रोज मागे का पडत नाही? कारण सकाळचा उजेड त्याला रोज जुळवून घेतो. ई अँड टीसीवाल्यांना एका शब्दात सांगते: फेज लॉक्ड लूप. सूर्य हा रेफरन्स सिग्नल आणि आपण ऑसिलेटर. परीक्षेच्या सुट्टीत आपण पडदे लावून अकरापर्यंत झोपतो आणि रात्री दोनला डोळ्यांपुढे मोबाईलचा पांढरा उजेड धरतो. मग रेफरन्सच चुकतो आणि लूपचं लॉक सुटतं. अशा मुलांना झोप न येण्याचा आजार नसतो. त्यांची झोप फक्त पहाटे तीनच्या टाइमझोनमध्ये गेलेली असते. उठायची वेळ ठरवून सकाळच्या उन्हात अर्धा तास चाललं, तर ती हळूहळू परत येते.

मग खरा निद्रानाश कोणता?

कपॅसिटर फुल्ल आहे, घड्याळ बरोबर आहे, तरीही झोप नाही, तेव्हा तिसरी गोष्ट बघायची. तिचं उदाहरण म्हणून माझंच सांगते.

सेकंड इयरला असताना एका रात्री दीड वाजता घरून फोन आला. बाबांच्या छातीत दुखायला लागलं म्हणून त्यांना दवाखान्यात नेलं होतं. अँजिओप्लास्टी झाली, आठ दिवसांत बाबा घरी आले आणि दोन महिन्यांत ऑफिसलाही जायला लागले. ते बरे झाले, पण माझी झोप गेली ती गेलीच. बिछान्यावर पाठ टेकली की छातीत धडधड. डुलकी लागलीच तर दीडच्या सुमाराला खाडकन जाग यायची आणि हात आधी मोबाईलकडे जायचा. घरी फोन करून विचारायची सोय नव्हती, कारण मग आईची झोप गेली असती. दिवसा लेक्चरला डोळ्यांपुढे फळा हलायचा. वर्कशॉपमध्ये लेथसमोर उभी राहिले की सरांना सांगून बाजूला व्हायचे, कारण फिरत्या चकपुढे पेंग येणं म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे.

कॉलेजच्या दवाखान्यात येणाऱ्या डॉक्टर मॅडमनी मला एका कागदावर तीन रकाने आखून दिले. १९८७ साली आर्थर स्पीलमन यांनी मांडलेली ही पद्धत आहे. पहिला रकाना मूळ स्वभावाचा: मी पहिल्यापासूनच काळजी करणारी. दुसरा निमित्ताचा: तो फोन. आणि तिसरा, निद्रानाश टिकवून धरणाऱ्या गोष्टींचा: झोप भरून काढायला रात्री दहालाच आडवं होणं, दुपारची झोप, रविवारी अकरापर्यंत लोळणं, घड्याळ बघत राहणं. मॅडम म्हणाल्या, "निमित्त केव्हाच संपलंय. आता फक्त तिसरा रकाना उरलाय आणि तेवढाच आपल्या हातात आहे."

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. झोप गेली की माणूस जे करतो ते अगदी साहजिक असतं, कोणीही तेच करील. पण त्यातूनच बिछान्याचा आणि जागण्याचा संबंध जुळतो. पाव्हलॉवच्या कुत्र्याला घंटा ऐकून लाळ सुटायची, तशी आपल्याला उशी बघून जाग येते! सोफ्यावर, बसमध्ये, मॅथ्सच्या लेक्चरला छान पेंग येते आणि बिछान्यावर गेलं की गायब. असं होत असेल तर समजा, मामला तिसऱ्या रकान्याचा आहे.

उपाय (गोळी नाही!)

या उपायांना एकत्रितपणे सीबीटी-आय म्हणतात. मोठ्या माणसांच्या जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी हेच द्यावं, असं अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेनं २०१६ मध्ये सांगितलं. मला दिलेले नियम असे:

१. पेंग आल्याशिवाय बिछान्यावर जायचं नाही. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे 'पेंग' हा शब्द मला उशिरा भेटला. पण तो फार कामाचा आहे. थकवा वेगळा आणि पेंग वेगळी. पाय दुखतात, डोकं बधिर झालंय, तो थकवा. पापण्या आपोआप मिटतात, वाचलेली ओळ पुन्हा वाचावी लागते, ती पेंग. झोप पेंगेमागून येते, थकव्यामागून नाही.

२. साधारण वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठायचं. हा वीस मिनिटांचा अंदाज मनानंच करायचा, घड्याळ बघून नाही. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवायचं.

३. बिछाना फक्त झोपेसाठी. होस्टेलमध्ये हे सगळ्यात अवघड, कारण आपली कॉट हेच आपलं डायनिंग टेबल, स्टडी टेबल आणि गप्पांचा कट्टा! मी दिवसा चादरीवर एक जुनी सतरंजी टाकायचे. सतरंजी असली की ती बैठक, काढली की बिछाना. हसू नका, उपयोग होतो.

४. रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ एकच. रविवारीसुद्धा. आणि दुपारची झोप बंद.

याशिवाय आणखी एक उपाय आहे, एफिशियन्सीचा. रोज सकाळी वहीत लिहायचं, बिछान्यात किती तास होते आणि झोपले किती. माझं पहिल्या आठवड्याचं उत्तर होतं ९ तासांत ५, म्हणजे ५६ टक्के. कुठलंही मशीन इतक्या एफिशियन्सीला भंगारात निघेल. मॅडमनी बिछान्यातला वेळच कमी केला: रात्री साडेबारा ते सकाळी साडेसहा, फक्त सहा तास. पहिले दहा दिवस जीव नकोसा झाला. पण दाब इतका साठला की झोपेला यावंच लागलं. सहा तासांत सव्वापाच, म्हणजे ८७ टक्के. ८५ च्या वर आकडा टिकला की पंधरा-पंधरा मिनिटांनी वेळ वाढवत न्यायची. हा उपाय मात्र मनानं करू नका, डॉक्टरांना विचारूनच करा. फिट येणाऱ्यांना, किंवा ज्यांचा मूड कधी खूप चढतो आणि कधी खूप उतरतो त्यांना तो त्रासदायक ठरू शकतो. आणि अशा दिवसांत गाडी तर अजिबात चालवायची नाही.

उठलो खरं, पण करायचं काय?

दोन नंबरचा नियम वाचून तुम्ही विचाराल, रात्री दोनला उठून करायचं काय? होस्टेलचं दार बंद, पार्टनर झोपलेली, दिवा लावला तर शिव्या. मला विचाराल तर हीच खरी रात्रीची कला आहे. कसोटी एकच: काम असं हवं की पेंग आली की कुठेही अर्धवट टाकता येईल. मोबाईल या कसोटीत पहिल्याच फेरीत बाद, कारण पुढचं रील अर्धवट टाकता येत नाही. बुद्धिबळ बाद, त्यात हरल्यावर डोकं फिरतं. बॅकलॉग राहिलेल्या विषयाचं पुस्तकही बाद, ते उघडलं की छातीत धडधड सुरू. मी जे केलं त्यातलं चांगलं ते देते:

उजळणी, पण उलटी. शंभरपासून मागे, मराठीत, मनातल्या मनात. मराठी मीडियमवाल्यांना सोपं वाटेल. आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना एकोणनव्वद आणि एकोणऐंशी यांच्यामध्ये घाम फुटतो! फोन गेल्याच्या भीतीला मनात जागाच उरत नाही. ते जमायला लागल्यावर मी आजीला विचारून पावकी, निमकी, दिडकी आणि औटकी उतरवून घेतली. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. कॅल्क्युलेटर नसलेल्या काळात लोक हे तोंडपाठ म्हणायचे. मी अजून औटकीच्या सातव्या पायरीपुढे जागी राहिलेले नाही.

हाताची कामं. बटण लावणं, उसवलेला काठ शिवणं, कपड्यांच्या घड्या घालणं, जर्नलची अनुक्रमणिका आखणं. पॅसेजमधल्या मंद दिव्याखाली एवढं सहज होतं. डोळ्यांवर झगझगीत प्रकाश नको, एवढंच.

काळजीची वही. डोक्यात फिरणारी गोष्ट लिहायची आणि शेजारी 'उद्या काय करणार' ही एकच ओळ. "बाबांची पुढची तपासणी कधी आहे ते सकाळी आठला आईला विचारायचं." बस. वही बंद. हे झोपायच्या दोन-तीन तास आधी केलं तर अजून चांगलं.

आकाश. हे माझं सगळ्यात आवडतं. गच्चीला कुलूप असतं, पण दोन्ही टोकांच्या गॅलऱ्या पुरतात, कारण एक उत्तरेला आहे आणि एक दक्षिणेला. हात लांब करून मूठ धरली की ती आकाशात साधारण १० अंश झाकते. ध्रुव तारा क्षितिजापासून तितकाच वर दिसतो जितका आपल्या गावाचा अक्षांश. पुण्याचा अक्षांश साडेअठरा, म्हणून ध्रुव उत्तरेला दोन मुठींच्या किंचित खाली. आता डिसेंबरच्या शेवटी मध्यरात्री दक्षिणेच्या गॅलरीत या. तिथे अगस्त्य हा ठळक तारा जवळजवळ तितक्याच उंचीवर असतो! एका टोकाला ध्रुव, दुसऱ्या टोकाला अगस्त्य, दोघेही सारख्याच उंचीवर. अगस्त्याच्या वर साडेतीन मुठींवर व्याध, सगळ्या ताऱ्यांत तेजस्वी, आणि त्याच्याही वर थोडं पश्चिमेला मृग. तारे रोज सुमारे चार मिनिटं आधी उगवतात, म्हणजे महिन्याला दोन तास. त्यामुळे हेच आकाश नोव्हेंबरच्या शेवटी पहाटे दोनला दिसतं आणि जानेवारीच्या शेवटी रात्री दहाला. मे महिन्याच्या अखेरीला मध्यरात्री दक्षिणेकडे वृश्चिक असतो, नांगीसकट. शहराच्या उजेडात बारीक तारे दिसत नाहीत, पण हे ठळक तारे बहुतेक दिसतात. मुख्य म्हणजे तारे बघायला अंधार लागतो आणि झोपेलाही तोच लागतो.

उद्या पेपर आहे आणि झोप नाही!

ही भीती सगळ्यांत वाईट. "आत्ता झोपले तर पाच तास मिळतील... आत्ता झोपले तर चार..." हे गणित जितकं कराल तितकी झोप पळेल. अशा रात्री उलटी युक्ती करायची. व्हिक्टर फ्रँकल या मानसोपचारतज्ज्ञांनी ती वापरली होती. अंधारात आरामात पडायचं, डोळे उघडे ठेवायचे आणि ठरवायचं की मी आता जागीच राहणार. झोपायची धडपड थांबली की धडधडही थांबते.

आणि एका वाईट रात्रीनं आकाश कोसळत नाही. १९६३-६४ च्या हिवाळ्यात रँडी गार्डनर हा १७ वर्षांचा अमेरिकन शाळकरी मुलगा सायन्स प्रोजेक्टसाठी ११ दिवस जागा राहिला. त्याची चिडचिड, विसराळूपणा, भास असे हाल झाले, म्हणून ते कोणी करून बघू नये. पण नंतर तो सुमारे १४ तास झोपला आणि उठला. शरीर आपली झोप वसूल करतं. मात्र रोजच ठरवून नाईट मारणाऱ्यांनी यातून सोयीचा अर्थ काढू नये. वाचलेलं डोक्यात पक्कं बसायला झोप लागते. पहाटे चारपर्यंत वाचलेलं पेपरात न आठवणं हा काही पेपर सेटरचा कट नाही.

डॉक्टरकडे कधी?

आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री, तीन महिने असंच चाललं तर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. पण तीन महिने थांबायची गरज नाही, दिवसाची कामं बिघडायला लागली की जा. झोपेत श्वास अडकत असेल, किंवा दोन-तीन तास झोपूनही अनेक दिवस अंगात भलताच जोर आणि मनात सुसाट विचार असतील, तर लगेच जा. मेडिकलमधून मित्राच्या नावावर गोळ्या आणू नका. त्यातल्या काहींची सवय लागते. जीव नकोसा वाटतोय असं रात्री मनात आलं तर सकाळची वाट बघू नका. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे, २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे आणि रात्रीही उचलतात. शिवाय शेजारच्या रूमचं दार वाजवा. ते त्याचसाठी असतं.

शेवटी आपल्या रेक्टर मॅडमना आणि स्टाफला एक विनंती. रीडिंग रूम रात्री अकराला बंद होते. तिच्या बाहेरच्या पॅसेजमध्ये एक मंद दिवा आणि दोन खुर्च्या रात्रभर राहू द्याव्यात. फार वीज लागणार नाही. ज्यांना बिछान्यातून उठायचंय त्यांना जायला एक जागा होईल. आणि मैत्रिणींनो, तिथे कोणी घड्या घालत बसलेली दिसली तर "अजून झोपली नाहीस?" असं विचारू नका. तिला ते माहीत आहे. गप्पाही मारत बसू नका, नाहीतर सकाळ होईल! "उद्या नाश्त्याला बरोबर जाऊ" एवढंच म्हणा आणि साडेसहाला तिचं दार वाजवा.

शुभ रात्री!

टी.ई. (ई अँड टीसी), मुलींचे वसतिगृह